नाकांची झडती

पनवेलच्या बाजारपेठेमागच्या एका अठरा खाटांच्या प्रसूतिगृहात मी दोन वर्षं नोकरी केली. तिथली प्रयोगशाळा म्हणजे पूर्वीची कपडे धुण्याची खोली. मोरी तशीच ठेवलेली होती. तिच्या कठड्यावर काचेच्या बशा वाळत घालायच्या, खिडकीशी सूक्ष्मदर्शक, आणि कोपऱ्यात सुताराकडून करून घेतलेली एक लाकडी पेटी, तिच्या आत विजेचा दिवा. त्या दिव्याच्या उबेवर मी जंतू वाढवत असे. ही पेटी पाहायला सुरुवातीला बाळंतिणींच्या सासवा येत. आत कोंबडीची अंडी असावीत असा त्यांचा अंदाज होता आणि माझ्या गप्प बसण्याने तो पक्का होई.

गप्प बसणं हे माझं मुख्य काम होतं म्हटलं तरी चालेल. माझी शाळा मुंबईची, इंग्रजी माध्यमाची. मराठी घरचीच, पण मोठ्या माणसांशी बोलायचं म्हणजे मी वाक्य आधी मनात जुळवून घ्यायची, आणि ते जुळेपर्यंत समोरचं माणूस निघून गेलेलं असायचं. जंतूंशी मात्र माझं छान जमे. ते रात्रभरात वाढत आणि सकाळी मी झाकण उघडेपर्यंत वाट पाहत.

प्रसूतिगृह ज्यांचं होतं त्या डॉक्टरीणबाईंना सगळं गाव नुसतं ‘बाई’ म्हणे. पन्नाशीच्या, उंच, खणखणीत आवाजाच्या. त्यांच्या दोन सवयी होत्या आणि दोन्हींचा त्यांना अभिमान होता. पहिली म्हणजे इंजेक्शन कुणालाही द्यायचं असो, सुई त्या स्वतः भरणार. सिरिंज डोळ्यांसमोर उभी धरायची, बुडबुडा वर आणायचा आणि दट्ट्या दाबून दोन थेंब हवेत उडवायचे. सकाळच्या उन्हात ते तुषार त्यांच्या चेहऱ्याभोवती चमकत. दुसरी सवय कुर्र करण्याची. बारशाला आत्या बाळाच्या कानात जे कुर्र करते ते बाई जन्मानंतर तासाभरातच उरकून टाकत. बाळाला आंघोळ घालून गुंडाळून आणलं की बाई ते दोन्ही हातांत घेत, उजव्या कानाशी तोंड नेत आणि कुर्र करून विचारत, ‘‘आलास का रे? आलीस का गं?’’ पळस्प्यापासून उरणच्या खाडीपर्यंतच्या बायकांत हे कुर्र फार शुभ मानलं जाई.

आंघोळ घालणाऱ्या त्या मावशी. मिठागरावर राबणाऱ्या घरातल्या, खाडीकाठच्या गावच्या, पंधरा वर्षं तिथे आया म्हणून कामाला. त्या गावचं बोलत. मला ‘बाय’ म्हणत आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता पुढे बोलत राहत, म्हणून त्यांच्याशी माझं जमे.

त्या वर्षी दिवाळीनंतर बाळांना फोड येऊ लागले. आधी एकाला, मग तिघांना, मग येतील त्या दर दुसऱ्या बाळाला. मानेवर, कानामागे, पिवळ्या तोंडाचे टपोरे फोड. बाईंनी पेनिसिलीन सुरू केलं. तोवर पेनिसिलीन म्हणजे बाईंचा हुकमी एक्का होता. या वेळी सुयांवर सुया झाल्या आणि फोड तसेच. एका मुलाच्या मानेवर चीर देऊन पू काढावा लागला. त्याची आई दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

‘‘पाणी टोचतेय की काय मी?’’ बाई मला म्हणाल्या. ‘‘बघ जरा हा पू तुझ्या पेटीत घालून.’’

मी घातला. हे जंतू ओळखायची एक सोपी रीत आहे. बशीतल्या खाद्यात भरपूर मीठ घालायचं. बाकीचे जंतू खारटपणाने मरतात, हे मजेत वाढतात. दुकानचं मीठ दमट निघालं होतं म्हणून मावशींनी घरचं आणून दिलं, खडे फोडून, फडक्यात बांधून. दुसऱ्या दिवशी बशीभर सोनेरी ठिपके. मग मी टीपकागदाच्या टिकल्या पाडून पेनिसिलीनमध्ये बुडवल्या आणि जंतू पेरलेल्या ताज्या बशीवर एक टिकली ठेवली. साधे जंतू असले तर टिकलीभोवती मोकळं वर्तुळ पडतं, तिथे काही उगवत नाही. सकाळी झाकण उचललं तर जंतू टिकलीला अगदी खेटून उभे होते. मुंबईच्या मोठ्या इस्पितळांत असले जंतू निघाल्याचं मी वाचलं होतं, आणि आता ते माझ्या मोरीत होते. घाबरायला हवं होतं. मला इतका आनंद झाला की मी बशी हातात घेऊन खोलीत एक गिरकी मारली. हे इथे पहिल्यांदाच सांगतेय.

बाईंना निकाल सांगताना मी एक वाक्य जास्तीचं बोलले. ‘‘हे जंतू निरोगी माणसाच्या नाकात राहतात.’’

‘‘कुणाच्या?’’ बाई म्हणाल्या.

खोलीत पाचजण होते. पाचांचेही हात नाकाकडे गेले.

‘‘उद्या सकाळी सगळ्यांची नाकं तपास,’’ बाई म्हणाल्या. ‘‘ज्याच्या नाकात निघतील तो इथून जाईल. माझ्या पोरांच्या अंगावर मी सुरी चालवणार नाही पुन्हा.’’

सकाळी माझ्या दाराशी रांग लागली. मला वाटलं होतं लोक चिडतील. ते नटून आले होते. परिचारिकांच्या वेण्यांना तेल, कंपाउंडरकाकांची दाढी घोटून केलेली, झाडूवालीच्या अंगावर सणाचं लुगडं. काडीला कापूस गुंडाळून मी एकेकाच्या नाकपुडीत फिरवत होते आणि समोरच्या माणसाऐवजी त्याच्यामागच्या भिंतीकडे पाहत होते.

‘‘ताई, गुदगुल्या होतात.’’

‘‘हसू नका काका, कापूस हलतो.’’

‘‘सासूने कधी एवढं जवळून पाहिलं नाही मला,’’ मोठी परिचारिका म्हणाली.

मावशी शेवटी आल्या, ओल्या हातांनी. त्या आंघोळी उरकत होत्या. ‘‘घाल बाय काडी. मिठाई हाय काय आत ती बघ.’’

दहाजणांचं झाल्यावर दार लावून अकरावी काडी मी माझ्या नाकात फिरवली. मला शिंक आली.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्याआधीच खोलीत हजर. बशा ओळीने मांडल्या होत्या. नऊ बशा कोऱ्या, धुऊन ठेवल्यासारख्या. माझ्या बशीत पांढरे निरुपद्रवी ठिपके. आणि मावशींच्या बशीत सोनेरी.

बाईंनी बशी उचलली. मग त्यांनी मावशींना बोलावलं आणि बशी दाखवली. ‘‘पंधरा वर्षं झाली आपल्याला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण बोलले ते बोलले. शनिवारपर्यंत थांबा. तोवर बाळांना हात नको.’’

‘‘आनि माझ्या हातची दोन हजार पोरा धुतली, त्यांना कवा फोड नाय आला तो?’’ मावशी म्हणाल्या.

मला काहीतरी खटकत होतं, पण वाक्य जुळत नव्हतं. तोवर दोघी दोन दारांनी निघून गेल्या. तो मंगळवार होता.

मी मावशींचे सोनेरी जंतू उचलून नव्या बशीवर पेरले आणि मध्ये पेनिसिलीनची टिकली ठेवली. बुधवारी सकाळी टिकलीभोवती रुपयाएवढं स्वच्छ वर्तुळ. मावशींचे जंतू दिसायला फोडातल्यांसारखेच सोनेरी, पण साधेभोळे. पेनिसिलीनच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे. फोडातले निबर जंतू त्यांचे नव्हतेच.

मी मावशींना ओढतच आणलं. त्या दिवसभर मागच्या ओट्यावर नुसत्या बसून राहत. दोन बशा शेजारी ठेवून मी सांगत सुटले. हे एकाच जातीचे, पण यांच्यातल्या लाखांत एखाद्याला औषध पचवायची ताकद जन्मतःच असते, औषध आलं की बाकीचे मरतात, तो एकटा उरतो आणि त्याच्या पोराबाळांना तीच ताकद मिळते. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतलं. मराठीत हे मी पहिल्यांदाच बोलत होते आणि ते अडखळत अडखळत बाहेर पडत होतं.

मावशींनी बशीवर मान वाकवली. ‘‘मंग यात काय नवा हाय? आमच्याकडं उधानात बांध फुटतो. खारा पानी शेतात शिरतो, सगला भात करपतो. पन चार रोपा उभी रातात. त्याचाच बी आमी धरतो, पुढच्या साली तोच पेरतो. खाऱ्याला भीत नाय असा भात तयार होतो.’’ मग त्या बशीकडे बोट करून म्हणाल्या, ‘‘हे कुनीतरी बी धरलाय बाय. रोज औषधाचा पानी शिंपून शिंपून.’’

मला प्राध्यापकांना एवढं सोपं करून सांगता आलं नव्हतं. मी त्यांचा हात धरून हसायलाच लागले. त्या म्हणाल्या, ‘‘हसतंय काय? माझी चाकरी चाललीय.’’

‘‘नाही जाणार,’’ मी म्हणाले आणि दचकले, कारण वचन द्यायचं मी ठरवलं नव्हतं.

आता त्या नऊ कोऱ्या बशा. माणसाच्या नाकात काहीच नाही असं होत नाही. माझ्याही नाकात पांढरे होते. नऊजणांची नाकं देवघरासारखी स्वच्छ कशी? मी कचऱ्याच्या डब्यातून सोमवारच्या काड्या काढल्या. कापसाची टोकं गुलाबी होती. सगळी नाही. नऊ.

कंपाउंडरकाका औषधांच्या खोलीत पुड्या बांधत होते. मी गुलाबी काडी त्यांच्यासमोर धरली.

‘‘हां, ते होय,’’ ते म्हणाले. ‘‘लाल औषध. जखमेला लावतो तेच. रविवारीच सगळ्यांना वाटलं मी, चमचाचमचा. काडीने आत फिरवा म्हटलं, सकाळी पुन्हा एकदा फिरवा.’’

‘‘कशाला पण?’’

‘‘कशाला म्हणजे? ताई, तुम्ही नाकात बघणार. शिकल्यासवरल्या घरची मुलगी आपल्या नाकात बघणार आणि आपण तसंच जायचं? आंघोळ केल्याशिवाय देवळात जातो का आपण?’’

‘‘आणि मावशींना?’’

‘‘त्यांना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, नाक माझा हाय, हाय तसा बघूद्या.’’ काका पुडीची घडी घालताना थांबले. ‘‘म्हणजे आमचं कुणाचं तपासलंच गेलं नाही की काय?’’

‘‘नाही.’’

‘‘अरेच्चा,’’ काका म्हणाले आणि खाली बसले.

पुन्हा सगळ्यांची नाकं तपासायची होती आणि या वेळी कुणाला सुगावा लागू द्यायचा नव्हता. मी गुरुवारी सकाळी अकराच्या चहाची वेळ धरली. मागच्या पडवीत सगळे ओळीने बसलेले, एका हातात बशी, दुसऱ्यात कप. मी पदराआडून काड्या काढल्या आणि सुरुवात केली. दोन्ही हात अडकलेल्या माणसाला नाक वाचवता येत नाही. मोठी परिचारिका तोंडातला घोट गिळूही शकली नाही. झाडूवाली उठून पळाली, चहा न सांडता अंगणाला एक फेरी मारली, आणि मी तिच्यामागे. ‘‘ताई, तुम्हाला काय झालंय आज?’’ काका विचारत होते. खरंच काय झालं होतं कुणास ठाऊक. ज्या मुलीने वर्षभरात पडवीत चहासुद्धा घेतला नव्हता ती लोकांची डोकी मागे ढकलत होती. काड्या घेऊन मी मोरीत पोचले तेव्हा मला हसू आवरत नव्हतं.

मावशींच्या हिशेबाने शुक्रवार हा शेवटचा दिवस. सकाळी बशा उघडल्या. नऊच्या नऊ भरलेल्या, खऱ्या माणसांच्या नाकांसारख्या. दोन बशांत सोनेरी. रात्रीच मी सगळ्या बशांत टिकल्या ठेवल्या होत्या. दोन्ही ठिकाणी टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ. दोन्ही साधेभोळे.

मी स्टुलावर बसले. सगळी नाकं संपली होती.

रोज औषधाचं पाणी शिंपून शिंपून, मावशी म्हणाल्या होत्या. मला डोळ्यांसमोर उन्हात चमकणारे दोन थेंब दिसले. दर सुईला दोन थेंब, दिवसाला कित्येक सुया, आणि त्या तुषारांमागे एक नाक. जे आजवर कुणी तपासलं नव्हतं, कारण तपासायचा हुकूम त्याच नाकाच्या मालकिणीने सोडला होता. आणि फोड उजव्या कानामागेच जास्त होते. हे मी रोज पाहत होते आणि मला ते दिसत नव्हतं.

मी तीनदा बाईंच्या खोलीपर्यंत गेले. पहिल्या वेळी त्या लिहीत होत्या. दुसऱ्या वेळी त्यांनी ‘‘काय गं?’’ विचारलं आणि मी ‘‘काही नाही’’ म्हणाले. तिसऱ्या वेळी त्या खोलीत नव्हत्या. एक मुलगी नुकतीच जन्मली होती. परिचारिकेने तिला पुसून गुंडाळलं होतं, बाईंनी हात पुढे केले होते आणि मान खाली यायला लागली होती.

‘‘बाई, नको,’’ मी म्हणाले.

हे वाक्य मी आधी जुळवलं नव्हतं. ते माझ्याही कानांना नवीन होतं. बाईंची मान अर्ध्यावर थांबली. कपाटाशी काका उभे होते ते तसेच उभे राहिले.

‘‘काय नको?’’

‘‘कुर्र नको. तुमचं नाक राहिलंय.’’

बाईंनी बाळ परिचारिकेकडे दिलं. माझ्याकडे बघत राहिल्या. मी भिंतीकडे बघायचं टाळलं, म्हणजे कुठे बघावं ते कळेना, म्हणून त्यांच्या नाकाकडेच पाहिलं. चांगलं सरळ नाक होतं.

‘‘खुर्ची आण,’’ बाई काकांना म्हणाल्या. बसल्या, मान मागे टेकवली. ‘‘घाल.’’

मी काडी घातली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या हलल्या नाहीत. ‘‘हिलाही आतापर्यंत हे सुचलं नाही,’’ त्या छताकडे बघत म्हणाल्या, ‘‘आणि मलाही नाही.’’

शनिवारी मावशी नेहमीपेक्षा लवकर आल्या, बोचकं बांधून. ओट्यावर बसल्या. बाई दाराशी. मी पेटी उघडली. बाईंची बशी काठोकाठ सोनेरी होती आणि जंतू पेनिसिलीनच्या टिकलीवर चढायचे तेवढे बाकी होते.

मी हसत होते, भीतीने म्हणा, आनंदाने म्हणा, आणि थांबता येत नव्हतं. मी बशी बाईंच्या हातात दिली.

‘‘हे माझ्या नाकात?’’

मी मान हलवली.

‘‘आणि मीच शिंपून वाढवले.’’ मग त्यांनी बशी उन्हात धरली, जशी सिरिंज धरत तशी. ‘‘दिसायला मात्र सुरेख आहेत गं.’’ असं म्हणून त्या स्वतःच हसल्या, आधी नाकातल्या नाकात, मग मोठ्याने. मग एकदम थांबून त्यांनी पदर नाकावर धरला.

‘‘मी जाव की र्‍हाव ते सांगा आदी,’’ ओट्यावरून मावशी म्हणाल्या.

बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, पदर नाकावर तसाच. ‘‘माझं चुकलं, मावशी. न तपासता बोलले. राहा.’’

‘‘सगल्यांच्या समोर बोला.’’

बाईंनी सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि सगळ्यांच्या समोर बोलल्या. स्वतःच्या नाकाबद्दलही बोलल्या, काही न वगळता. झाडूवाली तोंडावर हात ठेवून ऐकत होती. पुढे कित्येक आठवडे बाईंनी चौपदरी फडकं बांधलं, नाकात मलम घातलं, सुईतला बुडबुडा कापसाच्या बोळ्यात सोडला आणि बाळांपासून चार हात लांब राहिल्या. जुने फोड बरे व्हायला वेळ लागला. नवा एकही आला नाही. पण हे नंतरचं.

त्या शनिवारी बाईंचं बोलून झाल्यावर मावशींनी बोचकं उचललं.

‘‘आता कुठे?’’ बाईंनी विचारलं.

‘‘घरा. आज जावा सांगितला व्हता ना, तर आज जाते. लेकीला कलवलाय, ती वाट बघते. सोमवारी येन.’’

‘‘आणि आजच्या आंघोळी?’’

‘‘हिचा नाक साफ हाय ना,’’ मावशी माझ्याकडे हनुवटी करून म्हणाल्या आणि फाटकाबाहेर पडल्या.

अशा रीतीने दुपारी बारा वाजता मी पाटावर पाय पसरून बसले होते आणि माझ्या पायांवर कालची मुलगी होती, तेल लावलेली, उघडी, माशासारखी निसटणारी. मी याआधी कधी बाळ हातात घेतलं नव्हतं. बाई दारात उभ्या, तोंडाला फडकं बांधून, आत यायची बंदी. हजारो बाळंतपणं त्यांनी केली होती आणि एकाही बाळाला आंघोळ घातलेली नव्हती, हे त्या वेळी उघड झालं.

‘‘मान धर. मान. तशी नाही.’’

‘‘मग कशी?’’

‘‘मावशी धरतात तशी.’’

‘‘त्या कशा धरतात?’’

‘‘मी कधी बघितलं?’’ बाई फडक्याआडून म्हणाल्या. ‘‘पाणी घाल आता. डोक्यावर नको. बरं, घाल डोक्यावर.’’

मुलीने एक पाय झाडला आणि माझ्या कोऱ्या साडीवर धार सोडली. मला हसू फुटलं, माझ्या पोटाच्या हादऱ्याने ती घसरली, मी तिला पकडलं, ती किंचाळली, बाई दारात दोन्ही हात हवेत धरून अर्ध्या वाकलेल्या. त्यांनी काकांना मोटारीच्या थांब्याकडे पिटाळलं, मावशी गेल्या नसतील तर पाया पडून घेऊन ये म्हणून.

काका घामाघूम होऊन एकटेच परत आले. ‘‘मोटारीत बसल्या होत्या. म्हणाल्या, पाणी कोपराने बघून घ्या, बोटाने नाही. आणि सोमवारी येते.’’

मी कोपर पाण्यात बुडवला. पाणी बरोबर होतं. अजून चार बाळं बाकी होती.